हात धुऊन वाचायची बंदुकीची पुस्तकं

दिल्लीत द्वारकेतल्या आमच्या सोसायटीच्या गेटवरचा गार्ड मला जरा बिचकून असतो. आठवड्यातून एक-दोनदा कुणीतरी मोठी गाडी घेऊन येतं, रजिस्टरमध्ये आमच्या फ्लॅटचा नंबर लिहितं, वर येऊन दोनेक तास बसतं आणि हात हलवत परत जातं. जाताना काहींचे चेहरे खुललेले असतात, काहींचे पार उतरलेले. शेवटी न राहवून त्याने माझ्या नवऱ्याला, प्रभाकरला, विचारलंच, "अंकलजी, आंटी कुंडली देखती हैं क्या?"

"देखती हैं," प्रभाकर म्हणाला, "पर सिर्फ बंदूकों की."

प्रभाकरचे विनोद मी सहसा छापायला देत नाही, पण हा बरोबर आहे. जुनी बंदूक ज्यांच्याकडे असते असे लोक तिचे फोटो घेऊन माझ्याकडे येतात. ती जन्मली कुठे, साधारण कधी, कुठल्या कारागिराच्या घरची, हे माझ्याकडच्या पुस्तकांत शोधतात. मी स्वतः काही सांगत नाही. कपाटातून पुस्तक काढून देते, पान उघडून देते आणि चहा टाकायला आत जाते. बाहेरून एकदम शांतता झाली की समजायचं, पाहुण्यांची 'शिवकालीन' बंदूक आजोबांच्या वयाची निघाली.

लग्न होऊन पुण्याहून दिल्लीला आले आणि एका सरकारी संग्रहालयाच्या ग्रंथालयात नोकरीला लागले. नव्या माणसाच्या वाट्याला इतरांना नको असलेलं येतं, तसं माझ्या वाट्याला शस्त्रांचं कपाट आलं. मला बंदुकीत काडीचाही रस नव्हता. दिवाळीतल्या टिकल्यांच्या बंदुकीपलीकडे मी आजवर कशाचाही चाप ओढलेला नाही. पण त्या कपाटातल्या पुस्तकांचा मला लळा लागला. कुठल्यातरी परदेशी गावात बसून एखाद्या माणसाने सगळं आयुष्य बंदुकांच्या नळ्यांवरचे ठसे बघण्यात घालवलं, प्रत्येक ठसा हाताने काढला, कारागिरांच्या तीन-तीन पिढ्यांची नावं जुळवली आणि मग ते सगळं छापलं. इतक्या निरुपयोगी गोष्टीवर इतकं प्रेम करणारी माणसं मला तोवर माहीत नव्हती. त्यांच्यापायी मी नोकरीत असल्यापासूनच स्वतःसाठीही अशी पुस्तकं जमवू लागले. दर्यागंजच्या फुटपाथवरच्या रविवारच्या पुस्तकबाजारातून, निवृत्त अधिकाऱ्यांच्या घरांतून, मोडीत निघालेल्या ग्रंथालयांतून. तेव्हा ती वजनावर मिळायची.

आज ती वजनावर मिळत नाहीत. ज्या पैशांत पूर्वी पुस्तक घरी यायचं, त्यात आता त्याचं नुसतं कुरिअर येतं. या पुस्तकांची गंमत अशी की छापली जातात तेव्हा ती कुणालाच नको असतात. म्हणून मोजक्याच प्रती निघतात. लेखक म्हातारा असतो, तो जातो. प्रकाशक दुकान बंद करतो. ग्रंथालयं जागा नाही म्हणून प्रती काढून टाकतात. आणि नेमकं त्याच सुमारास नव्या श्रीमंतांना जुन्या बंदुकांचा शौक लागतो. शौक वाढला की नकली माल वाढतो, नकली माल वाढला की अस्सल ओळखायला पुस्तक लागतं, आणि तोवर पुस्तक कुठेच उरलेलं नसतं. मग इंटरनेटवर कुणीतरी एका प्रतीला वेडीवाकडी किंमत लावतो आणि ती बघून बाकीचे सगळे आपापल्या प्रतींना तीच किंमत लावतात. काही महाभाग तर चित्रांची पानं फाडून, फ्रेम करून हॉटेलवाल्यांना विकतात. फाडलेलं पुस्तक बघितलं की मला अजूनही जेवण जात नाही.

आमची मुलगी बंगळुरूला असते. दिल्लीत वाढलेली, त्यामुळे तिचं म्हणणं, "आई, सगळं स्कॅन करून टाक ना यार, टंटाच खतम." तिला कसं सांगू. मसुरीच्या दाण्याएवढा ठसा, त्यात एक मुकुट, मुकुटाखाली दोन अक्षरं. स्कॅनमध्ये त्याचा डाग होतो. आणि ज्यात डाग होत नाही असा चांगला फोटो काढला, तर तो फिरत फिरत नकली माल बनवणाऱ्यांकडे पोचतो. ते त्यावरून ठोकायचा छाप बनवतात, नव्या नळीवर मारतात, नळी ओल्या मातीत पुरून ठेवतात आणि पावसाळ्यानंतर 'पुरातन' बंदूक उगवते. म्हणून माझ्याकडे काही नियम आहेत. पुस्तक घराबाहेर जात नाही. मोबाइल चपलांच्या रॅकवरच्या टोपलीत ठेवायचा. हात साबणाने धुऊन, नीट कोरडे करून बसायचं, कारण बंदूकवाल्यांच्या हाताला तेल असतंच. ठसा हवा असेल तर शिसपेन्सिलीने उतरवून घ्यायचा. मोठमोठे लोक आमच्या बेसिनशी बाह्या सरसावून उभे असतात तेव्हा मला, खोटं कशाला बोलू, बरं वाटतं.

एक कर्नलसाहेब यायचे. त्यांनी संग्रह केव्हाच विकला होता, बायकोच्या आजारपणात. तरी महिन्या-दोन महिन्यांनी यायचे, एकच पुस्तक मागायचे, त्यातलं एकच पान उघडून बसायचे. त्या पानावर त्यांच्या एका जुन्या पिस्तुलासारख्या पिस्तुलाचं चित्र होतं. निघताना म्हणायचे, "बिल्कुल ठीक है, वैसी ही है." जणू पिस्तूल आमच्याकडे वसतिगृहात ठेवलंय आणि ते भेटायला येतात. आता ते नाहीत. ते पान उघडलं गेलं की मी क्षणभर थांबते.

दुसरे गुडगावचे मल्होत्रा. त्यांनी पहिल्या भेटीत मला विचारलं होतं, "मैडम, चार फुट किताबें मिल जाएँगी?" त्यांच्या घरी भिंतीवर बंदुका लावल्या होत्या आणि खालचा शेल्फ रिकामा दिसत होता. मी त्यांना चार फूट पुस्तकं दिली नाहीत. पण माणूस चिवट. दर दिवाळीला मिठाई आणि मागणी दोन्ही पाठवायचे. त्यांचा डोळा माझ्याकडच्या एका विशिष्ट पुस्तकावर होता, कारण ते भारतात आणखी कुणाकडे आहे असं आम्हा दोघांच्याही ऐकिवात नव्हतं. हिंदुस्थानात विकल्या गेलेल्या विलायती नळ्यांच्या कारागिरांवरचं जाडजूड पुस्तक आहे ते. किंमत अशी चढत गेली की शेवटी मीही डगमगले. आमच्या स्वयंपाकघराचा ओटा गळत होता, प्रभाकर रोज त्याखाली बादली ठेवायचा आणि रोज एकदा तरी म्हणायचा, "लोकांच्या घरी बंदुका असतात, आपल्या घरी पुस्तकं आहेत, आणि पाणी मात्र आपल्याकडेच गळतंय." मी मल्होत्रांना हो म्हटलं. येत्या रविवारी घेऊन जा, असं ठरलं.

त्या रविवारच्या आधीच रशीद इनामदारांचा फोन आला.

इनामदार हे प्रभाकरचे हिशेब खात्यातले सहकारी. मूळचे साताऱ्याकडचे. निवृत्तीनंतर गाझियाबादला राहिले आणि पत्नी गेल्यापासून एकटेच असतात. मराठी इतकं स्वच्छ की आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमांचं सूत्रसंचालन नेहमी त्यांच्याकडे. त्यांच्या दिवाणखान्यात एक ठासणीची बंदूक टांगलेली असायची, म्हणजे दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून ठासून भरायची तसली. मंडळाची बस दर जानेवारीत पानिपतला, लढाईच्या स्मारकापाशी, काला अंबला जाते, तिथे माइक हातात घेऊन इनामदार त्या बंदुकीची गोष्ट सांगत. त्यांचा पूर्वज गारद्यांच्या पलटणीत होता, ही बंदूक त्याच्या खांद्यावर होती, आणि ती पानिपताहून घरी परत आली. ऐकणाऱ्यांच्या अंगावर काटा यायचा. मीही दरवर्षी ऐकायचे. ती बंदूक कधी जवळून बघावी असं मला वाटलं नाही, आणि त्यांनीही कधी दाखवायला आणली नाही. काही गोष्टी आपण तपासत नाही.

फोनवर ते म्हणाले, "वहिनी, बंदूक पोलीस घेऊन गेले."

महिन्यापूर्वी झालं होतं असं. घराला रंग द्यायचा म्हणून त्यांनी बंदूक उतरवून सोफ्यावर ठेवली. शेजारी नव्याने राहायला आलेल्या कुणीतरी उघड्या दारातून फोटो काढला आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. संध्याकाळी पोलीस हजर. खूप जुन्या आणि दुरुस्त करूनही न चालणाऱ्या बंदुकीला परवाना लागत नाही, हे पोलिसांनाही माहीत होतं. पण ती खरंच जुनी आहे हे दाखवायचं कसं? ठासणीच्या बंदुका गावोगावचे लोहार अगदी आत्ताआत्तापर्यंत बनवत आलेत. ती तसली निघाली तर ती विनापरवाना गावठी बंदूक, मग गुन्हा, मग अटकसुद्धा. सरकारी तज्ज्ञांनी तपासून कळवलं होतं, नळीवर एकही ठसा दिसत नाही, त्यामुळे वय सांगता येत नाही.

इनामदार दुसऱ्या दिवशी आमच्याकडे आले. चहा तसाच गार झाला. म्हणाले, "पेन्शनर माणूस मी. जन्मात कधी चलान फाटलं नाही माझं. आता लिफ्टमध्ये माझ्याबरोबर कुणी चढत नाही, वहिनी. माझं नाव आणि बंदूक एका वाक्यात आली की लोक पुढचं वाक्य ऐकत नाहीत."

प्रभाकरला एरवी प्रत्येक गोष्टीवर बोलायचं असतं. त्या दिवशी तो नुसता त्यांच्या शेजारी जाऊन बसला.

मी विचारलं, ठसा होता की नव्हताच? ते म्हणाले, लहानपणी नळीवर बोटाला काहीतरी खडबडीत लागायचं. मग गेला कुठे? तेव्हा कळलं. साताऱ्याच्या घरी खंडेनवमीला बंदूक उतरवायची. आधी त्यांची आजी, मग आई, मग ते स्वतः, विटकरीची बारीक पूड आणि खोबरेल घेऊन नळी लखलखेपर्यंत घासायचे. मग पाटावर ठेवून झेंडू वाहायचे. "आमच्याकडे पूजा नाही म्हणत," ते म्हणाले, "पुसणं म्हणतात. पण झेंडू हवाच. आईचं असं होतं, की पूर्वजांची वस्तू मळकी दिसली तर ते काय म्हणतील."

मी डोक्याला हात लावला. आमच्या धंद्यात सगळ्यात मोठं पाप कुठलं तर बंदूक चकचकीत करणं. नवे शौकीन लोक हेच करतात आणि मग ठसा कुठे गेला म्हणून माझ्याकडे येतात. त्यांना मी चार शब्द सुनावते. पण इनामदारांना काय सुनावणार? पिढ्यानपिढ्या त्या घराने इतक्या मायेने ती नळी घासली होती की तिचा जन्मदाखलाच पुसून टाकला होता.

आणि तेव्हाच मला मल्होत्रांना दिलेल्या शब्दाची आठवण झाली. म्हणजे त्या पुस्तकाची. त्यात सुरुवातीलाच लेखकाने लिहून ठेवलंय की नळी बनवणारा कारागीर आपला स्वतःचा ठसा वरच्या अंगाला मारत नसे. तो नळीच्या पोटाला मारायचा, जिथे ती लाकडात बसते. वरचा शिक्का मालकाचा, खालचा कारागिराचा. लाकडाखाली विटकरीची पूड पोचत नाही.

मल्होत्रांना फोन करून सांगितलं, रविवार जमणार नाही, पुस्तकाला काम निघालंय. ते चिडतील असं वाटलं होतं. म्हणाले, "किताब जब तक आपके घर में है, आपकी है. काम कर लीजिए."

मेट्रोच्या ब्लू लाइनने गाझियाबादच्या वैशालीपर्यंत गेले. पुस्तक जुन्या सुती साडीत गुंडाळून पिशवीत घेतलं होतं. द्वारकेच्या स्टेशनवर तपासणीतल्या मुलीने पिशवी उघडायला लावली, पुस्तक मध्येच उघडलं, आणि पानभर बंदुका बघून तिने माझ्याकडे, माझ्या पांढऱ्या केसांकडे आणि परत बंदुकांकडे पाहिलं. मग वरिष्ठांना बोलावलं. त्यांनी पाच-सहा पानं रस घेऊन बघितली आणि मला सोडलं. त्यांचे हात धुतलेले नव्हते, पण मी काही बोलले नाही.

ठाण्यातले तपास अधिकारी त्यागी म्हणून सब-इन्स्पेक्टर होते, तरुण, कामाने पिचलेले. इनामदार त्यांच्यासमोर शाळेतल्या मुलासारखे ताठ बसले होते. मी काय हवंय ते सांगितलं. त्यागींनी पोलीस लाइनमधला बंदुका दुरुस्त करणारा माणूस बोलावून घेतला, वरिष्ठांची परवानगी घेतली आणि जप्तीच्या मालखान्यातून बंदूक आणवली. मी टेबलावर साडी पसरली, पुस्तक ठेवलं आणि म्हटलं, "पहले सब लोग हाथ धो लीजिए."

"मैडम, थाने में हमसे ही हाथ धुलवाएँगी," त्यागी म्हणाले. पण उठले. मागच्या नळावर सगळ्यांनी हात धुतले, अगदी दारातल्या शिपायानेसुद्धा.

दुरुस्तीवाल्याने लाकडातल्या खिळी एकेक करून हळूच बाहेर ठोकल्या. नळी लाकडात इतकी रुतली होती की सुटायला वेळ लागला. सुटली तेव्हा आतून काळी, खरखरीत, जशी बनली तशीच होती. त्याने पोटाकडची बाजू वर केली. मुकुट, मुकुटाखाली दोन अक्षरं, आणि बाजूला एक बारीक आकडा. धार अजून शाबूत होती. मी भिंग लावलं, पुस्तकात अक्षरं शोधली. सापडली. कारागिराचं नाव, गाव, तो कुठल्या वर्षांत काम करत होता, कुणासाठी करत होता, सगळं.

"पुरानी है?" त्यागींनी विचारलं.

"है."

"मतलब, बहुत पुरानी?"

"बहुत. आपके-हमारे परदादा से भी पहले की."

त्यागींनी मोठा श्वास सोडला. त्यांनाही या म्हाताऱ्या माणसाला आत टाकायचं नव्हतं, ते तेव्हा माझ्या लक्षात आलं. इनामदार मात्र माझ्याकडे बघत होते. त्यांनी मराठीत विचारलं, "पानिपतच्या आधीची ना, वहिनी?"

मी खोटं बोलू शकले असते. त्या खोलीत दुसऱ्या कुणीच ते पान अजून वाचलं नव्हतं. पण मी आयुष्यभर लोकांना पान उघडून देत आले होते, स्वतः काही सांगत नव्हते. मी पुस्तक त्यांच्याकडे वळवलं आणि बोट ठेवलं. "नंतरची आहे, रशीदभाई. बरीच नंतरची. आणि विलायतेत कंपनी सरकारसाठी बनलेली."

त्यांनी ती ओळ वाचली. मग खिशातून रुमाल काढून त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं.

त्यागींनी मला विचारलं, "क्या हुआ? अंकल खुश नहीं हैं?" मी म्हटलं, खुश आहेत.

पुढचं कोर्टाचं. जप्त केलेली बंदूक सोडायचा हुकूम कोर्टच देतं, आणि त्यागींनी सांगितलं की झेरॉक्स चालणार नाही, मूळ पुस्तक दाखल करावं लागेल. मी दोन दिवस झोपले नाही असं म्हणणार नाही, पण झोप काही चांगली लागली नाही. त्या पुस्तकाची दुसरी प्रत मी शोधूनही कुठून आणणार होते? कोर्टाच्या रेकॉर्डरूममध्ये ओल असते, उंदीर असतात. प्रभाकर म्हणाला, "बंदूक सुटली की पुस्तकाच्या जामिनाचं बघू." मग गंभीर होऊन म्हणाला, "देऊन टाक. ओटा अजून चालतोय." त्याचे जन्मभराचे विनोद मी तेव्हा माफ करायला तयार होते, इतका तो मला आवडला.

दिलं. मधले महिने इनामदारांचा फोन नाही. मीही केला नाही. मला वाटायचं, माणसाची बंदूक सोडवता सोडवता मी त्याच्या पूर्वजाला मारून बसले. प्रभाकर म्हणायचा, वेळ दे. मी वेळ दिला, पण रोज फोनकडे बघायची सवय लागली.

बंदूक सुटली. पुस्तकही सुटलं. इनामदार स्वतःच ते घेऊन आले, बसले नाहीत, दारातच पिशवी दिली. "वहिनी, आत बघा," म्हणाले. शीर्षकाच्या पानावर कोर्टाचा गोल निळा शिक्का पडला होता, शाई मागच्या पानावर फुटली होती. आणि ज्या पानावर तो ठसा होता, त्याच्या कोपऱ्याला पंच मारून आरपार भोक पाडलं होतं. त्यातून पांढरी नाडी ओवून चिठ्ठी बांधलेली. कारकुनाने त्याचं काम केलं होतं. "मी भरून देईन," इनामदार म्हणाले. मी म्हटलं, काही भरायचं नाही, आत या. ते आले नाहीत.

शिक्का आणि भोक म्हणजे या बाजारात पुस्तक मेलं. मल्होत्रा आले, त्यांनी पान उलटलं आणि मान हलवली. "अब तो इसकी कीमत ही चली गई, मैडम." मी हो म्हटलं. पण ते उठले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "अच्छा, वो निशान दिखाइए. जिससे बंदूक छूटी." मी टोपलीकडे बोट केलं. त्यांनी मोबाइल ठेवला, बेसिनशी जाऊन हात धुतले, कोरडे केले आणि खुर्ची ओढून बसले. चार फूट पुस्तकं मागणारा तो माणूस त्या दिवशी पहिल्यांदा एक पुस्तक वाचत बसला. हल्ली महिन्यातून एकदा येतात, भोकाच्या पानापासून पुढे सरकत सरकत चाललेत.

ओटा अजून गळतो. पण ते पुस्तक आता कुणालाच विकत नको आहे, त्यामुळे ते टेबलावर राहील आणि कुणीही येऊन वाचेल. एवढ्या वर्षांत मला पगार मिळाला, पेन्शन मिळालं, पण माझ्यावर खरे उपकार त्या परदेशी म्हाताऱ्यांचे आहेत, ज्यांनी कुणी विचारत नसताना नळ्यांची पोटं तपासली. त्यांच्यातल्या एकालाही मी भेटलेले नाही. माझ्यानंतर ही पुस्तकं कोण सांभाळणार, हे मला ठाऊक नाही, आणि ते मनाला लागतं. तरी तक्रार करायला तोंड उघडलं की आधी आभारच बाहेर पडतात.

गेल्या जानेवारीत मंडळाची बस काला अंबला गेली. इनामदार आले होते, पण पुढच्या सीटवर एकटे बसले. धुकं होतं, हात बाहेर काढवत नव्हता. स्तंभापाशी सगळे जमले, फुलं वाहिली गेली. मग चिटणीसांनी माइक पुढे केला, "आता इनामदार साहेब दरवर्षीप्रमाणे आपल्या पानिपतच्या बंदुकीची गोष्ट सांगतील." प्रभाकरने माझा हात धरला.

इनामदारांनी माइक घेतला.

"दरवर्षी मी तुम्हाला सांगतो की माझी बंदूक इथे लढली," ते म्हणाले. "ती इथे नव्हती. ती नंतरची आहे, कंपनी सरकारची. आमच्या घरी कशी आली, मला माहीत नाही. या आमच्या वहिनींच्या पुस्तकात ते सापडलं, आणि त्यामुळेच मी आज तुमच्यासमोर मान वर करून उभा आहे. त्यांच्या पुस्तकाला भोक पडलं, त्याची किंमत गेली. माझी फक्त गोष्ट गेली."

गर्दीतून कुणीतरी समजुतीच्या सुरात म्हणालं, "पण साहेब, घराण्याची आठवण असते. पुस्तकात काय, काहीही लिहितात."

"असते ना," इनामदार म्हणाले. "पण मी या दिवसांत खूप विचार केला. आमचा पूर्वज इथे होता, ते मी अजून मानतो. म्हणून तर बंदूक इथली असूच शकत नाही. इथली असती तर घरी कशी आली असती? इथून कुणाच्या घरी काय परत आलं? सगळं याच मातीत राहिलं."

त्यांनी माइक चिटणीसांच्या हातात दिला. मागे उभ्या असलेल्या एका बाईंनी वाकून पायांतले बूट काढले आणि बाजूला ठेवले. मग त्यांच्या शेजारणीने काढले, मग प्रभाकरने, मी. थोड्या वेळाने आम्ही सगळेच त्या गार जमिनीवर अनवाणी उभे होतो.